कोनशिला नको, तीन वर्षांची नेमणूक द्या

संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे क्वांटम विज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आणि मराठवाड्यातल्या महाविद्यालयांतही व्याख्याने, भित्तिपत्रक स्पर्धा, पाहुण्यांना शाल-श्रीफळ असे सारे यथासांग झाले. वर्ष सरले, वाद उरला. एक बाजू म्हणते, ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागातल्या विद्यापीठांनी क्वांटमच्या नादी लागणे ही चैन आहे. दुसरी बाजू म्हणते, केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये सहा हजार कोटींचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले आहे. आत्ताच केंद्र उभारले नाही तर पुन्हा मागे राहू. नीट ऐकले तर दोघांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र आहे: एक इमारत, तिच्यात एक महागडे यंत्र आणि दारात कोनशिला. एकाला ते नको आहे, दुसऱ्याला हवे आहे. प्रत्यक्ष काम कोण करणार, त्याला पगार किती, तो किती वर्षे राहणार, याबद्दल दोघेही गप्प. क्वांटम पदार्थांचे संगणकीय संशोधन मराठवाड्यातल्या विद्यापीठांना झेपण्यासारखे आहे आणि ते झाले पाहिजे, असे माझे मत आहे. मात्र त्यासाठीचा पहिला रुपया पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएच.डी.नंतर ठरावीक मुदतीसाठी नेमलेल्या संशोधकाच्या, पगारावर खर्च व्हावा. यंत्र नंतर, आणि इमारत नाही घेतली तरी चालेल.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. क्वांटम संगणक वेगळा आणि क्वांटम पदार्थ वेगळे. इलेक्ट्रॉनांचे क्वांटम वागणे ज्यांच्या हाताला जाणवणाऱ्या गुणधर्मांतच उतरते असे हे पदार्थ: विरोधाशिवाय वीज वाहू देणारे अतिवाहक, आतून विद्युतरोधक पण पृष्ठभागावर वाहक असलेले टोपोलॉजिकल इन्सुलेटर, इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या ढकलाढकलीमुळे वीज अडवणारे मॉट इन्सुलेटर, काही चुंबके. त्यांचे गणित साध्याच जातीच्या संगणकावर होते, फक्त बरेच कोअर, म्हणजे गणना करणारे भाग, जोडून. निरपेक्ष शून्याजवळचे तापमान लागते ते क्वांटम संगणकाच्या काही प्रकारांना. मिशनमध्येही ही कामे वेगवेगळी ठेवली आहेत: संगणनाचे केंद्र बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, पदार्थ आणि उपकरणांचे आयआयटी दिल्लीत. आपल्याकडे मात्र समर्थक नोकऱ्यांचे आकडे सांगतात ते संगणकाच्या नावावर, आणि विरोधक खर्चाचे आकडे सांगतात तेही संगणकाच्याच नावावर. जे काम इथे होऊ शकते त्याचा हिशेब कुणीच मांडत नाही.

तो मांडून पाहू. या क्षेत्राचा पाया १९६४-६५ मध्ये वॉल्टर कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घातला. पदार्थातल्या असंख्य इलेक्ट्रॉनांचे एकत्र गणित अशक्यप्राय असते. त्याऐवजी केवळ त्यांच्या घनतेवरून ऊर्जा काढता येते, हे त्यांनी दाखवले. कोन यांना त्यासाठी १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आज हे गणित करणारे ‘क्वांटम एस्प्रेसो’सारखे पूर्ण सॉफ्टवेअर फुकट आणि खुले आहे. बिस्मथ सेलेनाइड हा टोपोलॉजिकल इन्सुलेटर असणार, हे २००९ मध्ये गणिताने आणि प्रयोगाने जवळपास एकाच वेळी दाखवले. प्रचंड दाबाखालचे हायड्रोजन-गंधक संयुग अतिवाहक होईल असे २०१४ मध्ये गणिताने सांगितले, आणि पुढच्याच वर्षी सुमारे पंधरा लाख वातावरणांच्या दाबाखाली, उणे ७० अंश सेल्सिअसला, ते प्रयोगात दिसले. असा दाब निर्माण करणारी प्रयोगशाळा नांदेडला उभी करा असे कुणी म्हणणार नाही. गणिताला मात्र नांदेड आणि न्यू जर्सी यांत फरक पडत नाही.

पडत नाही, असे म्हणताना एक मोठी अट दडवली जाते, आणि विरोधकांचा सर्वांत खरा मुद्दा तिथेच आहे. ते म्हणतात, हे काम स्वस्त आहे म्हणूनच त्यात कचरा फार. कुठलेही संयुग घ्यायचे, सॉफ्टवेअरला मूळचीच सेटिंग द्यायची, ऊर्जापट्ट्यांचे, म्हणजे पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांना कुठल्या ऊर्जा घेता येतात त्याचे, रंगीत चित्र काढायचे आणि ‘प्रथम तत्त्वांवरून अभ्यास’ असे शीर्षक देऊन निबंध छापायचा. हा आरोप मी पूर्ण मान्य करतो. हे सॉफ्टवेअर चुकीच्या प्रश्नालाही चार दशांश स्थळांपर्यंत उत्तर देते, आणि उत्तर आले की ते बरोबरच असणार असे वाटू लागते. सिलिकॉनसारख्या सरळ पदार्थाचा बँड गॅप, म्हणजे वीज वाहण्यासाठी इलेक्ट्रॉनाला ओलांडावी लागणारी ऊर्जेची फट, नेहमीच्या पद्धतीने ०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास येतो. प्रत्यक्षात तो १.१ आहे. कोबाल्ट ऑक्साइड उत्तम विद्युतरोधक, पण हेच गणित त्याला धातू ठरवते. चूक टंकनाची नाही. इलेक्ट्रॉन एकमेकांना जोरात ढकलतात तिथे ही पद्धतच तोकडी पडते, आणि क्वांटम पदार्थांची सगळी गंमत नेमकी अशाच ठिकाणी असते.

मग करायचे काय? यावर ठरलेले उपाय आहेत, आणि प्रत्येक उपायाबरोबर नवा खड्डा येतो. कोबाल्ट, निकेल, लोह यांच्या डी कक्षेतल्या इलेक्ट्रॉनांना, त्यांची ढकलाढकली हिशेबात यावी म्हणून, ‘यू’ नावाची जादा ऊर्जा द्यावी लागते. ती किती द्यायची? दुसऱ्याच्या निबंधातून उचललेला आकडा दुसऱ्या स्यूडोपोटेन्शियलला (अणूच्या गाभ्याऐवजी गणितात वापरतात त्या सोप्या रूपाला) लागू पडेलच असे नाही. तो आपल्या पदार्थासाठी, आपल्याच सेटिंगमध्ये काढावा लागतो. ‘यू’ घातला की गणिताला एकाऐवजी अनेक तळ, म्हणजे स्थिर दिसणारी उत्तरे, सापडू लागतात. सुरुवातीला अणूंच्या चुंबकीय दिशा कशा दिल्या यावर उत्तर कुठल्या तळाशी जाऊन बसेल हे ठरते, आणि पडद्यावर मात्र दर वेळी ‘कन्व्हर्ज झाले’, म्हणजे उत्तर स्थिरावले, असेच दिसते. म्हणून फेरोमॅग्नेटिक (सगळ्या अणूंची चुंबकीय दिशा एकच) मांडणी, अँटिफेरोमॅग्नेटिकचे (शेजाऱ्यांच्या दिशा उलट) दोन-तीन प्रकार, डी कक्षा भरण्याच्या वेगवेगळ्या सुरुवाती, हे सगळे स्वतंत्र चालवून सर्वांत कमी ऊर्जा कुणाची ते पाहावे लागते. त्याआधी गणितात किती बारीक लहरी धरायच्या ते ठरवणारी ‘प्लेन वेव्हची कटऑफ ऊर्जा’ टप्प्याटप्प्याने वाढवत, फरक प्रति अणू एक मिलिइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली येईपर्यंत जायचे. मग के-बिंदूंची, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या लहरींचे नमुने जिथे घ्यायचे त्या बिंदूंची, जाळी तशीच दाट करायची. ६×६×६ ची जाळी १२×१२×१२ केली की बिंदू आठपट. अणू दुप्पट केले की वेळ साधारण आठपट. स्पिन-ऑर्बिट, म्हणजे इलेक्ट्रॉनाची फिरकी आणि त्याची कक्षेतली गती यांचा संबंध, धरले की मॅट्रिक्स दुप्पट, म्हणजे वेळ पुन्हा कित्येक पट. इतके झाले की कुठे खरे काम सुरू होते: हे पट्टे वापरून एक छोटे मॉडेल बनवायचे आणि इलेक्ट्रॉनांची ढकलाढकली त्यात नीट सोडवायची.

त्या मॉडेलची भूक किती, हेही बघण्यासारखे आहे. अशाच एका छोट्या मॉडेलमध्ये, हबर्ड मॉडेलमध्ये, प्रत्येक जागेवर चार शक्यता: रिकामी, दोनपैकी एका स्पिनचा इलेक्ट्रॉन किंवा दोन्ही. सोळा जागा, निम्मे भरलेले, इतके घेतले तर एका अवस्थेसाठी सुमारे १६.५ कोटी आकडे साठवावे लागतात, म्हणजे सव्वा जीबीहून थोडे अधिक. हे चांगल्या लॅपटॉपवर मावते. जागा वीस केल्या की एकाच अवस्थेला २७३ जीबी. चोवीस केल्या की ५८ हजार जीबी. आता सांगा, ‘मोठे यंत्र घ्या’ हा यावर उपाय आहे का? यंत्र दोनशेपट मोठे घेतले तरी सोळा जागांवरून फक्त विसांवर जाल. इथे लागते ती समरूपतेचा फायदा घेण्याची, समीकरण सुटसुटीत करण्याची, पद्धत बदलण्याची बुद्धी. ती विकत मिळत नाही, मुरावी लागते.

ती मुरायला वेळ कोणाकडे आहे? एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याच्या हाती प्रकल्पासाठी चार-सहा महिने. पीएच.डी.चा विद्यार्थी पहिली दोन वर्षे हत्यारे शिकण्यात घालवतो आणि उरलेली प्रबंध लिहिण्याच्या चिंतेत. गाईडला तास घ्यायचे असतात, परीक्षेचे पेपर तपासायचे असतात, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली भरायच्या असतात. समितीच्या भेटीआधीचे सहा महिने तर संशोधनाचे नावच काढू नये. प्रबंध लिहून झालेला, हत्यारे येत असलेला, अजून कुठल्या समितीवर नसलेला माणूस म्हणजे पोस्टडॉक. आपल्या विद्यापीठांच्या रचनेत ही पायरीच जवळपास गाळलेली आहे. पीएच.डी. झाली की तासिका तत्त्वावर महाविद्यालयात शिकवायचे, सुट्टीत बिनपगारी राहायचे आणि भरतीची वाट पाहायची. महिना सुमारे चाळीस हजारांची शिष्यवृत्ती घेऊन पाच वर्षांत जे शिकले ते पुढच्या पाच वर्षांत गंजते. कचरा निबंध निपजतात ते याच रचनेतून. युजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापक पदाची छाननी करताना प्रत्येक निबंधाला दोन गुण, कमाल दहा. बारा महिने घासूनपुसून केलेल्या एका निबंधाला दोन, आणि मूळच्या सेटिंगवर आठवड्यात उरकलेल्यालाही दोनच. उपाशी माणसाने यातले काय निवडावे अशी आपली अपेक्षा आहे? त्याच तक्त्यात पोस्टडॉकच्या अनुभवालाही वर्षाला दोन गुण आहेत, हे बहुतेकांना ठाऊकही नसते. ठाऊक असून करणार काय, जागा कुठे आहेत?

इथे इतिहासातले एक उदाहरण नेहमी अर्धेच सांगितले जाते. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये ढाक्याहून आइनस्टाईनना निबंध पाठवला आणि क्वांटम सांख्यिकीचा जन्म झाला. ढाका विद्यापीठ तेव्हा तीन वर्षांचे होते.  छोट्या गावातही मोठे काम होते, असे म्हणून आपण टाळ्या घेतो. उरलेला अर्धा भाग असा की बोस तिथे १९२१ पासून रीडर होते, दरमहा पगार घेत होते, आणि निबंधानंतर त्याच विद्यापीठाने त्यांना दोन वर्षांची रजा देऊन युरोपला पाठवले. प्रतिभेबरोबर नेमणूकही होती. बोस तासिका तत्त्वावर असते तर?

आता दुष्काळाचा मुद्दा. तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘हा निधी वेगळ्या शीर्षाखालचा आहे’ हे समर्थकांचे ठरलेले उत्तर मला पटत नाही. शेवटी पैसा एकाच करदात्याचा असतो. त्यांचे दुसरे उत्तर तर त्याहून वाईट: क्वांटममुळे दुष्काळ हटेल, नवे पदार्थ पाणी शोधतील वगैरे. हटणार नाही. अतिवाहकाच्या अभ्यासाने जायकवाडीत एक थेंब वाढणार नाही, आणि तसे सांगणारा एक तर अडाणी आहे किंवा प्रस्ताव मंजूर करून घ्यायच्या घाईत आहे. खरे उत्तर वेगळ्या ठिकाणी आहे. १९४८ साली मराठवाडा निजामाच्या अमलातून सुटला तेव्हा इथली मोजकी उच्च शिक्षणाची सोय हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी बांधलेली होती. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत, १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केले. तेव्हा या भागात धड रस्ते नव्हते, पुरेसे दवाखाने नव्हते, मोठी धरणे नव्हती. आधी विहिरी, मग पदव्या, असा क्रम त्यांनी लावला नाही. १९५८ मध्ये विद्यापीठ आले तेही जायकवाडीच्या आधी. गरिबी संपल्यावर शिक्षण, असा नियम केला असता तर आज हा वाद घालायला तरी इथे कोण शिकलेले असते?

शिवाय अनुशेष हा तर आपला रोजचा शब्द. १९८४ च्या दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, वीज, आरोग्य, शिक्षण यांचा अनुशेष मोजला, आणि त्यावर पुढे चाळीस वर्षे आपण भांडलो. योग्यच भांडलो. पण संशोधकाच्या जागांचा अनुशेष कुणी मोजला? हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही २,६०० कोटींची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. अशा वेधशाळेच्या संवेदनक्षमतेला ज्या गोष्टी मर्यादा घालतात त्यांतली एक म्हणजे आरशांवरच्या ऑक्साइड थरांमधला उष्णतेचा गोंगाट. टँटलमच्या ऑक्साइडमधले अणू विस्कळीतपणे कसे बसतात, हे त्याच्या मुळाशी आहे, आणि ते समजून घ्यायला वर सांगितलेलीच हत्यारे लागतात. शंभर किलोमीटरच्या परिघातल्या विद्यापीठांतून त्यावर काम करणारी दोन माणसे नसतील, तर मराठवाड्याचा वाटा जमीन देण्यापुरताच राहील.

उद्योगाशी संबंध जोडायचा तर तोही थापा न मारता जोडता येतो. संभाजीनगरजवळच्या शेंद्रा-बिडकीन पट्ट्यात विजेवरच्या वाहनांचे कारखाने येऊ घातले आहेत. त्या वाहनांची चाके फिरवणाऱ्या विद्युत मोटरींत बहुतांशी निओडिमियम-लोह-बोरॉनचे चुंबक असते, आणि ते तापल्यावर कमजोर पडू नये म्हणून त्यात डिस्प्रोशियम मिसळतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने अशा धातूंच्या आणि चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि आपल्या वाहन उद्योगाची धावपळ उडाली. डिस्प्रोशियम कमी करून भागेल का, हा प्रश्न गणिताने हाताळता येतो, पण तो किती नाजूक आहे पाहा. या चुंबकाच्या एकक पेशीत ६८ अणू असतात. त्याची चुंबकीय दिशा वळवायला लागणारी ऊर्जा प्रति अणू अर्ध्या मिलिइलेक्ट्रॉन-व्होल्टहून कमी. म्हणजे विरळ जाळीवर उरकलेल्या गणितातली चूकच उत्तरापेक्षा मोठी होऊ शकते. त्यातच निओडिमियमचे एफ कक्षेतले इलेक्ट्रॉन नेहमीच्या पद्धतीला जुमानत नाहीत. त्यांना गाभ्यात गोठवून त्यांचे स्फटिकक्षेत्र, म्हणजे शेजारच्या अणूंचा त्यांच्यावरचा परिणाम, वेगळे काढावे लागते. बिडकीनच्या कारखान्याला हे उत्तर नांदेडहून मिळेल असे वचन मी देणार नाही. पण कुणी पुरवठादार गणिताचे आलेख दाखवून नवे चुंबक विकू लागला, तर त्याला ‘जाळी किती घेतली होती?’ एवढे विचारणारा माणूस तरी जवळपास असावा.

‘आता हे सगळे यंत्रबुद्धी (एआय) करील’ असे म्हणणारे नवे विरोधक आहेत. २०२३ च्या नोव्हेंबरात गूगलच्या डीपमाइंडने २२ लाख नव्या स्फटिकांची यादी जाहीर केली, त्यातले ३.८ लाख टिकाऊ असावेत असे म्हटले. थोड्याच महिन्यांत रसायनशास्त्रज्ञांनी विचारले, यातले खरोखर नवे किती आणि उपयोगाचे किती? अशी प्रारूपे शिकतात ती घनतेच्या त्याच गणितावर, त्यामुळे गुरूची खोड शिष्यात उतरते. २०२३ च्याच जुलैत कोरियातून एलके-९९ हा साध्या तापमानाचा अतिवाहक सापडल्याची आवई उठली. गणितात फर्मी पातळीजवळ, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या ऊर्जांच्या वरच्या काठाजवळ, सपाट पट्टे दिसले आणि ‘गणितानेही दुजोरा दिला’ अशा बातम्या झाल्या. सपाट पट्टा म्हणजे अतिवाहकता नव्हे. तो चुंबकत्वाचाही असू शकतो, किंवा गृहीत धरलेली रचनाच चुकल्याचाही. काही आठवड्यांत खापर तांब्याच्या सल्फाइडच्या भेसळीवर फुटले. मध्यंतरी भारतातल्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेसह अनेक ठिकाणी नमुने बनवून अतिवाहकता नाही असे दाखवले गेले होते. आकडे काढणे स्वस्त होत जाईल तसा आकड्यांवर संशय घेणारा माणूस महाग होत जाणार.

राहिले यंत्र. दहा नोडचा, म्हणजे दहा संगणक जोडून केलेला, स्वतःचा क्लस्टर घेतला तर तो साधारण दहा किलोवॉट वीज खातो, म्हणजे वर्षाला ८७ हजार युनिट. एसी धरला की लाखाच्या वर. युनिटला दहा रुपये धरले तरी बिल दहा लाखांपुढे, आणि रिसर्च असोसिएटचा, म्हणजे पोस्टडॉकचा, दुसऱ्या श्रेणीचा पगार २०२३ च्या दरांनुसार महिना ६१ हजार, म्हणजे भत्ते सोडून वर्षाला ७.३२ लाख. मे महिन्यात पारा बेचाळिसावर असताना एसी बंद पडला की नोड आपोआप बंद होतात. वीज गेली आणि यूपीएस दहा मिनिटांचा असला की तीन दिवस चाललेले गणित मरते, आणि चेकपॉइंट, म्हणजे अर्ध्या वाटेवरची नोंद, ठेवलेला नसेल तर पहिल्यापासून. २०१५ पासूनच्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून पुण्यासह देशभर मोठी यंत्रे बसली आहेत. त्यांवर वेळ मागून घ्यावा, इनपुट इथून पाठवावे, घनतेच्या अवजड फायली तिथेच ठेवाव्यात. इथे विभागात चाचणीपुरता एक चांगला नोड पुरे. वीस लाखांचा क्लस्टर घेऊन दोन वर्षांनी त्यावर धूळ बसलेली दिसते, त्याचे कारण बहुधा तो चालवणारा विद्यार्थी पीएच.डी. होऊन गेलेला असतो.

म्हणून मागणी अशी: संभाजीनगर आणि नांदेड ही दोन्ही विद्यापीठे मिळून पाच पोस्टडॉक, प्रत्येकी तीन वर्षे. ६१ हजारांच्या दराने एक कोटी दहा लाख. घरभाडे धरून दीड कोटीच्या आत. यावर आक्षेप येईल की ही मुले तीन वर्षांनी पुण्या-बेंगळुरूला किंवा जर्मनीला निघून जातील. जातीलच. लातूर पॅटर्नने घडवलेले डॉक्टर आणि इंजिनिअर बाहेर गेले म्हणून ती महाविद्यालये बंद करा असे आपण कधी म्हटले नाही. पोस्टडॉकची जागा तात्पुरतीच असते. मागे काय राहते ते करारात लिहावे: प्रत्येक निबंधामागच्या इनपुट फायली, स्यूडोपोटेन्शियलची नावे आणि आवृत्त्या, कन्व्हर्जन्सचे तक्ते विभागाच्या संग्रहात जमा, आणि दोन विद्यार्थ्यांना हे काम शिकवल्याची नोंद.

एक अट अनेकांना बोचेल. ज्या विद्यापीठाची पीएच.डी. त्याच विद्यापीठात पोस्टडॉक, हे चालू नये. नांदेडचा संभाजीनगरला यावा, इथला तिकडे किंवा आणखी लांब जावा, आणि ओडिशाचा किंवा केरळचा कुणी इथे येऊन मराठी शिकला तर उत्तमच. स्थानिकांना डावलले अशी ओरड होईल, आणि नोकऱ्यांचा दुष्काळ पाहता ती समजण्यासारखी आहे. पण त्याच गाईडच्या हाताखाली तोच पदार्थ आणखी तीन वर्षे घोटून हत्यार नवे होत नाही, आणि चुका दाखवणारा परका डोळाही विभागाला लाभत नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्राने विद्यापीठांतल्या शिक्षकांना सहयोगी म्हणून तीन-तीन वर्षे येण्या-जाण्याची सोय दिली, आणि खगोलशास्त्र महाविद्यालयांपर्यंत पोचले. तसेच नाते आयसर पुणे या विज्ञान संस्थेशी किंवा आयआयटी मुंबईशी बांधून पोस्टडॉकला वर्षातून दोन महिने तिथे बसू द्यावे. निवडीच्या वेळी निबंधांची संख्या विचारू नये. उमेदवाराला त्याचाच एक जुना निबंध देऊन ‘यातला कुठला आकडा तुला आज पटत नाही?’ असे विचारावे आणि त्याला तासभर बोलू द्यावे. आणि पगार दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खात्यावर जमा व्हावा. अनुदानाचा हप्ता मंत्रालयात अडकला तर तोवर विद्यापीठाने स्वनिधीतून द्यावा, हे जाहिरातीतच छापावे.